प्लायवूडची टाकी गळते ती कडांपाशी

पाचशे लिटरच्या आतली माशांची टाकी हवी असेल तर प्लायवूडच्या भानगडीत पडू नका. त्या मापाची टाकी सरळ काचेची करावी; काम लवकर उरकतं आणि मासे चारी बाजूंनी दिसतात. लांबी पाच-सहा फुटांच्या पुढे गेली की मात्र काचेची जाडी वाढते, एकेक काच दोघांना उचलेनाशी होते आणि खर्च मापाच्या मानानं फार वेगानं चढतो. प्लायवूडच्या टाकीत काच एकच, समोरची. शिवाय त्याच जाडीच्या काचेच्या मानानं प्लायवूडमधून उष्णता कितीतरी पट कमी जाते, त्यामुळे हीटरला आराम मिळतो.

लोक घाबरतात ते लाकूड आणि पाणी एकत्र आणायला. भीती रास्त आहे, पण ती चुकीच्या जागी असते. सपाट फळीवर इपॉक्सीचे, म्हणजे रेझिन आणि हार्डनर कालवून लावायच्या लेपाचे, चार हात मारले की तिथून पाणी जात नाही, विषय संपला. पाणी शिरतं ते सांध्यातून, कापलेल्या कडेतून, स्क्रूच्या भोकातून आणि काचेच्या खालच्या दोन कोपऱ्यांतून. आणि तिथला लेप फाटतो तो बहुतेक वेळा लेप वाईट म्हणून नाही, तर त्याच्याखालचं लाकूड हललं म्हणून. त्यामुळे वॉटरप्रूफिंगचं निम्मं काम सुतारकामातच होऊन जातं.

माप आणि कटिंग

इथे धरलेलं माप आतून १८० सेंमी लांब, ७० सेंमी रुंद, ६० सेंमी उंच असं आहे. काठोकाठ ७५६ लिटर. पण पाणी ५५ सेंमीपर्यंतच भरायचं, म्हणजे साधारण ६९० लिटर. हे माप अशासाठी की १८ मिमीच्या आठ बाय चारच्या दोन शीटमध्ये सगळे तुकडे निघतात.

पहिल्या शीटमधून (२४४ × १२२ सेंमी) आधी ७३.६ सेंमी रुंदीची पूर्ण लांबीची पट्टी फाडायची. तिचे दोन तुकडे: १८३.६ चा तळ आणि ६० ची एक बाजू. करवतीच्या पात्याचा काप ३ मिमी धरला तर हे सगळं एका मिलिमीटरच्या फरकानं बसतं, म्हणून शीट खरंच २४४ भरते का आणि काटकोनात आहे का हे दोन्ही कर्ण मोजून आधीच बघा. उरलेल्या ४८ सेंमीच्या पट्ट्यातून वरच्या मजबुतीसाठी १० सेंमी रुंदीच्या पट्ट्या काढायच्या: १८० लांबीच्या दोन आणि ५० ची एक. दुसऱ्या शीटमधून १८० × ६० चे दोन तुकडे, म्हणजे पाठ आणि दर्शनी फळी. टोकाला जे उरतं त्यातून ७३.६ × ६० ची दुसरी बाजू.

प्लाय मरीन ग्रेडचा घ्या, म्हणजे ज्याचा गम उकळत्या पाण्यातही सुटत नाही तो. शिक्क्यावर विसंबून राहण्यापेक्षा टाकाऊ तुकडा काही तास उकळून वाळवून बघावा. थर सुटले किंवा कड फुगली तर तो प्लाय या कामाचा नाही. कापलेल्या कडेकडेही नीट बघा. मधल्या थरांत पोकळ्या असतील तर स्क्रू नेमका तिथेच जातो आणि काहीच पकडत नाही. एमडीएफ, पार्टिकल बोर्ड आणि ब्लॉकबोर्डचा विचारही नको. एक सुई जाईल एवढं भोक राहिलं तरी एमडीएफ आतून फुगत जातो, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

दाब कुठे येतो

पाण्याचा दाब ठरतो उंचीवर. टाकी पुढून मागे ७० सेंमी असो की सात मीटर, समोरच्या फळीवरचा भार तोच. आपल्या मापात ५५ सेंमी पाण्याला समोरच्या पूर्ण बाजूवर साधारण २७० किलोचा रेटा येतो. हेच पाणी ७५ सेंमी केलं तर तो ५०० किलोच्या वर जातो, कारण उंचीचा वर्ग होतो. म्हणून मोठी टाकी हवी असेल तर रुंदी वाढवा, उंचीला हात लावू नका. माशांनाही पोहायला रुंदीच उपयोगी पडते.

हा रेटा सगळा मिळून खालून एक तृतीयांश उंचीवर काम करतो. खालचा सांधा त्याला सगळ्यात आधी तोंड देतो. वरची कड मात्र मोकळी असते, तिला धरायला काही नसतं, म्हणून लांब फळी वरच्या बाजूला मधोमध पोट काढते. सांध्याला गम कितीही चांगला लावा, फळी पोट काढत असेल तर उभ्या कोपऱ्यातला इपॉक्सी केव्हातरी तडकणारच.

यावरून कोणती फळी कोणावर चढवायची ते ठरतं. प्लायच्या कडेत बसवलेला स्क्रू सरळ ओढला तर सहज उपटून येतो. आडवा दाब मात्र तो चांगला सोसतो. म्हणून चारी भिंती तळाच्या वर उभ्या करायच्या आणि स्क्रू तळाच्या खालून वर मारायचे. पाणी भिंतीला बाहेर ढकलतं तेव्हा त्या स्क्रूवर आडवा दाब येतो. भिंती तळाच्या कडेला बाहेरून लावल्या तर तोच रेटा स्क्रूला उपटायला बघतो. कोपऱ्यांतही तसंच: जास्त भार लांब फळ्यांवर, म्हणून त्यांची टोकं बाजूच्या फळ्यांच्या आतल्या अंगाला भिडवायची आणि स्क्रू बाजूच्या फळीतून लांब फळीच्या कडेत घालायचे. वरच्या मापात हे गृहीत धरलं आहे. लांब फळ्या १८० आणि बाजू ७३.६ त्याचमुळे.

खिडकी

दर्शनी फळीत १६२ × ४२ सेंमीची खिडकी कापायची, चारी बाजूंना ९ सेंमी चौकट ठेवून. आधी चार कोपऱ्यांवर ४० ते ५० मिमीच्या होल सॉनं भोकं पाडा, मग जिगसॉनं ती जोडा. कोपरा असा गोल राहिला पाहिजे. टोकदार कोपऱ्यात ताण एकवटतो, प्लाय तिथून चिरतो. खिडकीच्या दोन्ही कडा पॉलिश पेपरनं घासून ३ मिमी तरी गोलवा, कारण ओला इपॉक्सी धारदार कडेवरून मागे सरकतो आणि नेमका तिथेच थर पातळ होतो. कापून निघालेला तुकडा टाकू नका, इपॉक्सीची प्रत्येक बॅच आधी त्याच्यावर लावून बघायला तो लागेल.

नऊ सेंमीची चौकट वरच्या बाजूला एकटी टिकणार नाही. तिला मजबुती येते १० सेंमीच्या आडव्या पट्टीनं. ही पट्टी फळीच्या वरच्या कडेशी समतल, आतल्या बाजूला, आडवी झोपवून बसवायची. उभी फळी आणि आडवी पट्टी मिळून काटकोनी घडी तयार होते; बाहेरचा रेटा मग पट्टीच्या १० सेंमी रुंदीवर येतो, तिच्या १८ मिमी जाडीवर नाही. मागच्या फळीलाही तशीच पट्टी. दोन्हींना मधोमध जोडणारी ५० सेंमीची आडवी पट्टी मात्र आत्ता नको. ती काच बसल्यावर लावायची. ही पट्टी आधी ठोकून बसलं की १७२ सेंमीची काच आत जायला वाटच उरत नाही. मोठमोठ्या टाक्या या एका कारणानं पुन्हा उघडाव्या लागतात.

जोडणी

सगळं आधी गम न लावता जोडून बघा. गुण्यानं काटकोन तपासा, वरून दोन्ही कर्ण मोजा. फरक २ मिमीच्या आत हवा. क्लॅम्प लावलेले असतानाच ३ मिमीच्या बिटनं स्क्रूची भोकं पाडा आणि स्क्रूचं डोकं बसेल अशी काउंटरसिंक करा. स्क्रू ८ गेज, ५० मिमी, स्टेनलेस, दर १० सेंमीला एक. कोपऱ्यापासून पहिला स्क्रू ३-४ सेंमी आत. एकूण सव्वाशे आणले तर दोन-चार उरतील. भोक न पाडता सरळ मारलेला स्क्रू प्लायचे थर फाकवतो आणि ती फट बाहेरून दिसतही नाही.

सांध्यासाठी इपॉक्सीच वापरा. सुतारकामाचा पांढरा गम, डब्यावर वॉटरप्रूफ लिहिलेला असला तरी, कायम पाण्याखाली राहण्यासाठी नसतो. कापलेल्या कडा इपॉक्सी ओढून घेतात, आणि सगळा इपॉक्सी लाकडात गेला की सांधा उपाशी राहतो. म्हणून आधी दोन्ही कडांवर साधा पातळ इपॉक्सी ब्रशनं मुरवा, दहा मिनिटं थांबा, मग लाकडाचा भुसा किंवा सिलिका पावडर घालून घट्ट केलेला इपॉक्सी लावा. तो काठीवरून ओघळता कामा नये. क्लॅम्प आवळताना ताकद दाखवू नका. सांध्यातून बारीक रेघ बाहेर आली की पुरे, सगळा माल पिळून काढला तर आत जोडायला काही उरत नाही.

स्क्रू सगळे बाहेरून, त्यामुळे आतल्या पृष्ठभागावर एकही डोकं दिसत नाही. एखाद्या स्क्रूचं टोक आत डोकावलं तर तो काढून टाका, भोक घट्ट इपॉक्सीनं भरा आणि दोन सेंमी बाजूला नवा मारा. टोक घासून वर लेप द्यायची हौस अजिबात करू नये.

कोपरे: गोलाई आणि पट्टी

आतले सगळे कोपरे गोल करायचे. घट्ट इपॉक्सी कोपऱ्यात भरून १२ मिमी त्रिज्येची गोलाई काढायची. त्याच गोलाईचं एखादं प्लास्टिकचं झाकण किंवा चमच्याची पाठ चालते. तळाची कड ५०० सेंमी आणि उभे कोपरे २४० सेंमी, म्हणजे ७४० सेंमी. यात २५० मिलीच्या आसपास इपॉक्सी जातो. गोलाई अजून चिकट असतानाच तिच्यावर १० सेंमी रुंदीची ग्लास फायबरची विणलेली पट्टी बसवा आणि ब्रशच्या टोकानं हलके ठोकत पातळ इपॉक्सीनं भिजवा. पट्टी पारदर्शक झाली म्हणजे भिजली. कुठे पांढुरकी राहिली असेल तर तिथे हवा आहे. नऊ मीटर पट्टी आणा.

गोलाई नसेल तर कापड काटकोनात वळत नाही. ते कोपऱ्यापासून उचललं जातं, मागे पोकळी राहते, आणि पाण्याच्या दाबानं नेमकं ते पोकळ टोक फुटतं. तळावरही २०० ग्रॅम वजनाचं कापड पूर्ण अंथरलं तर उत्तम. मोठे दगड ठेवणार असाल किंवा दगड उकरणारे मासे पाळणार असाल, तर ते ऐच्छिक समजू नका.

इपॉक्सीचे हात

बाजारातल्या प्रत्येक दोन डब्यांच्या मालाला इपॉक्सी म्हणतात, पण इथे हवा तो सॉल्व्हंट नसलेला, पिण्याच्या पाण्याच्या टाक्यांना किंवा बोटींना चालणारा. पूर्ण सुकल्यावर तो माशांना निरुपद्रवी असतो. होड्या दुरुस्त करायचा पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडतो म्हणून मोह होतो, पण लाकडावर त्याची पकड कमी असते आणि त्यातलं स्टायरिन कितीतरी दिवस वास मारत राहतं. आतून लेप द्यायचं क्षेत्र, वरच्या पट्ट्या आणि खिडकीच्या कडा धरून, सव्वाचार चौरस मीटर आहे. पहिला हात मुरतो म्हणून चौरस मीटरला ३०० ग्रॅम, पुढचे तीन हात दोनशेच्या आसपास. सांधे, गोलाई, कापडं, तळाच्या बाहेरच्या बाजूचे दोन हात आणि भांड्यात वाया जाणारा माल मिळून हार्डनरसकट सहा किलो लागतो.

प्रमाण वजनानं आणि मापानं वेगवेगळं असतं, डब्यावर दोन्ही दिलेलं असतं. वजनाचं प्रमाण मापाच्या पेल्यात ओतलं की झालंच, तो माल कधीच नीट घट्ट होत नाही. जास्त हार्डनर घातल्यानं लवकर सुकत नाही, उलट कायमचा मऊ राहतो. दोन-तीन मिनिटं ढवळा, बाजू आणि तळ खरवडून घ्या, मग दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतून पुन्हा ढवळा. पहिल्या भांड्याच्या कडेला न मिसळलेला थर राहतोच, आणि तो फळीवर गेला की तेवढाच ठिपका महिनाभर चिकट राहतो. एका वेळी ३०० ग्रॅमहून जास्त कालवू नका. खोल भांड्यात इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेनं तापतो, धूर निघतो, आणि हातातलं भांडं सोडावं लागतं. कालवला की लगेच पसरट ट्रेमध्ये ओतावा.

सगळ्यात जास्त सतावतात ती सुईच्या टोकाएवढी भोकं. लाकडात हवा असते. दिवस चढतो तशी फळी तापते, हवा फुगते आणि ओल्या लेपातून बुडबुड्यानं बाहेर पडते. मागे छिद्र राहतं, ते थेट लाकडापर्यंत पोचलेलं असतं. पहिला हात म्हणून संध्याकाळी द्या, तापमान उतरत असताना. तेव्हा लाकूड हवा आत ओढतं आणि तिच्याबरोबर इपॉक्सीही मुरतो. पातळ करायला थिनर घालू नका. थिनर उडून गेल्यावर लेप सच्छिद्र राहतो, आपण नेमकं उलटं साधतो. माल जाड वाटत असेल तर डबे कोमट पाण्यात ठेवून गरम करा.

फोमचा रोलर आणि कोपऱ्यांना ब्रश, एवढं पुरतं. दुसऱ्या हातात थोडा पांढरा रंग, तिसऱ्यात करडा, चौथ्यात काळा, असं दर हाताला वेगळा रंग मिसळला की कुठे राहिलं ते लगेच दिसतं. बिनरंगाच्या इपॉक्सीवर बिनरंगाचा हात देताना डोळ्यांना काही म्हणजे काही कळत नाही. रंग इपॉक्सीसाठीचाच घ्या, आणि डब्यावर दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त नको. प्रत्येक हातानंतर टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश पाडा. छिद्र असेल तर काळा ठिपका दिसतो. त्याच्यावर नुसता पुढचा हात देऊन भागत नाही, इपॉक्सी भोकावर पडदा धरतो आणि तो पुन्हा फुटतो. ठिपक्यावर थोडा घट्ट इपॉक्सी पत्र्यानं रगडून आत दाबावा लागतो.

पुढचा हात आधीचा चिकट असतानाच दिला, बोटाचा ठसा उमटतो पण माल बोटाला लागत नाही अशा वेळी, तर दोन्ही थर एकजीव होतात. रात्र उलटली तर घासावंच लागतं. पण घासण्याआधी साध्या पाण्यानं आणि खरखरीत स्क्रबरनं धुवा. दमट हवेत सुकलेल्या इपॉक्सीवर मेणचट पापुद्रा येतो. तो पाण्यात विरघळतो, मात्र न धुता घासला तर पेपर त्याला सगळीकडे फासतो आणि वरचा हात सोलून येतो. धुऊन, पुसून, वाळल्यावर १२० नंबरच्या पेपरनं चकाकी जाईपर्यंत घासा. घासताना मास्क हवा आणि इपॉक्सी हाताळताना नायट्रिल हातमोजे. कातडीला एकदा इपॉक्सीची ॲलर्जी झाली की ती जन्मभर पिच्छा सोडत नाही.

शेवटच्या हातानंतर २५ अंशांच्या आसपास किमान सात दिवस. थंडी असेल तर त्याहून जास्त.

रबरासारखे लेप, तळ्यांना लावतात तसे, हाही एक मार्ग आहे. ते ताणले जातात, त्यामुळे सांधा जरासा हलला तरी फाटत नाहीत. पण टोकदार काटे असलेले मासे आणि दगड त्यांना ओरखडतात, आणि सिलिकॉन त्यांच्यावर नीट चिकटत नाही, म्हणजे काचेपाशी प्रश्न उरतोच. गच्चीला लावतात तो सिमेंट-पॉलिमरचा लेप इथे नको. तो पाण्याचा पीएच बराच काळ चढवत राहतो. डांबरी लेपाचं तर नावही काढू नका.

काच

काच १७२ × ५२ सेंमी, म्हणजे खिडकीच्या चारी बाजूंना ५ सेंमी टेकणारी. ती आतून बसवायची, पाण्याचाच दाब तिला चौकटीवर दाबून धरतो. चारी कडांना आधार असल्यामुळे या मापाला १० मिमी चालते, पण १२ मिमी घ्या. ओरखड्यांना आणि वेळप्रसंगी आपटलेल्या दगडाला थोडी माया हवी. कडा घासलेल्या असाव्यात. टफन्ड काचेचा आग्रह नको, साधी फ्लोट काच तडकली तर बहुधा एक चीर पडते, टफन्ड एका क्षणात चुरा होते आणि सगळं पाणी जमिनीवर. ॲक्रिलिक टाळा, सिलिकॉनची त्याच्याशी गट्टी होत नाही.

सिलिकॉन व्हिनेगरसारखा वास येणारा, शंभर टक्के सिलिकॉन, आणि ज्यावर बुरशीरोधक असं लिहिलेलं नाही असा. बाथरूमच्या सिलिकॉनमधलं बुरशीनाशक माशांना मारतं. ३०० मिलीच्या तीन नळ्या आणा. दोन लागतात, तिसरी ऐन वेळी दुकानात पळायला लागू नये म्हणून.

क्रम महत्त्वाचा: मधली आडवी पट्टी सोडून इपॉक्सीचं सगळं काम संपल्याशिवाय सिलिकॉनची नळी उघडायची नाही. सिलिकॉनचा हात लागलेल्या जागी इपॉक्सी कधीच धरत नाही.

टाकी तोंडावर पालथी करा, म्हणजे खिडकी खाली येईल, आणि चारी बाजूंना लाकडी ठोकळे द्या. चौकटीचा आतला भाग १२० नंबरनं घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, काचही पुसा. त्यानंतर बोट लावायचं नाही. आदल्या दिवशी सिलिकॉनचा ३ मिमी जाडीचा थर प्लास्टिकवर सुकवून त्याचे नखाएवढे तुकडे कापून ठेवा आणि चौकटीवर दर ३० सेंमीला एक चिकटवा. हे आधार आत तसेच राहतात आणि काचेखालचा थर ३ मिमी जाड राखतात. ते नसतील तर काचेच्या वजनानं सिलिकॉन पिळून बाहेर येतो, काच चौकटीला टेकते आणि लाकडाची प्रत्येक हालचाल थेट काचेला बसते.

सिलिकॉनचा पट्टा अडीच सेंमी रुंद, अखंड, कोपऱ्यांत न तुटणारा. पाचही सेंमी भरायचा मोह आवरा. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानं सुकतो, आणि काच नि इपॉक्सी यांच्यामध्ये कोंडलेल्या रुंद थराच्या मध्यापर्यंत ओलावा फार हळू पोचतो. पाच-दहा मिनिटांत वर साय धरते, म्हणून दोघांनी दोन गन घेऊन उलट दिशांनी निघावं. काच सत्तावीस किलोची आहे. व्हॅक्यूम कप लावून वरच्या मोकळ्या तोंडातून आडवी आत सरकवा आणि तळाच्या बाजूला ४ सेंमीचे ठोकळे टेकवून हळूच खाली सोडा. एकदा टेकली की उचलायची नाही. वाकडी बसली तर सरकवा. उचलली तर हवेचे खिसे तयार होतात आणि मग सगळं खरवडून पुन्हा करावं लागतं. काचेवर सगळीकडून सारखं, दहा-पंधरा किलो वजन ठेवा. दुसऱ्या दिवशी कडेभोवती आतून सेंमीभर गोलाई द्या. खालच्या दोन कोपऱ्यांत ती जरा सढळ हातानं. दोन आठवडे थांबा. वास पूर्ण गेला नसेल तर आणखी थांबा.

त्यानंतर मधली आडवी पट्टी इपॉक्सी आणि स्क्रूनं बसवायची. ती पाण्याच्या पातळीच्या वर आहे, पण वाफ तिच्यावरच जमते, म्हणून तिलाही चारही हात हवेत.

पाइपांची भोकं

भोक हवं असेल तर ते इपॉक्सीच्या आधी पाडायचं, पाठीच्या फळीत, शक्य तितकं वर. फिटिंगच्या मापापेक्षा १० मिमी मोठं भोक पाडून ते घट्ट इपॉक्सीनं पूर्ण भरा, सुकल्यावर त्यातून योग्य मापाचं भोक काढा. आता भोकाच्या भिंतीला लाकूड उरलंच नाही, सगळा इपॉक्सी. बल्कहेडचं (भोकातून आरपार घालून आवळायच्या पाइपच्या फिटिंगचं) रबर वॉशर आतल्या, पाण्याच्या बाजूला. उघड्या लाकडात बसवलेली फिटिंग वर्षभर काही बोलत नाही, मग एक दिवस भोकाभोवतीची फळी काळी पडलेली दिसते.

स्टँड आणि चाचणी

पाणी, वाळूचा पाच सेंमीचा थर, काच आणि प्लाय मिळून नऊशे किलोच्या आसपास वजन होतं, सव्वा चौरस मीटरहून थोड्या जास्त जागेवर. घरांच्या स्लॅबला साधारणपणे चौरस मीटरला दीडशे ते दोनशे किलो वापराचा भार धरलेला असतो. तळमजल्यावर चिंता नाही. वरच्या मजल्यावर टाकी भिंतीला लागून, तुळईच्या वर किंवा तुळयांना आडवी ठेवायची, आणि इंजिनिअरला विचारल्याशिवाय नाही. स्टँडच्या आडव्या पट्ट्या तळाखाली दर ४० सेंमीला हव्यात, वर अखंड फळी. लेव्हल दोन्ही दिशांना बघा. स्टँड पिळलेला असेल तर टाकीही पिळते.

पहिलं पाणी घरात भरू नका. अंगणात किंवा सांडलं तरी चालेल अशा दुसऱ्या ठिकाणी भरा, गच्चीवर मात्र नको. पंधरा सेंमी भरून चोवीस तास, मग तीस, मग पूर्ण. बाहेरून खालच्या सांध्याच्या कडेनं खडूची जाड रेघ ओढून ठेवा, पाझर हाताला लागण्याआधी खडू गडद होतो. पाणी किती उतरलं हे कळायला शेजारी पाण्याची बादली ठेवून तिच्यावरही खूण करा. टाकी बादलीहून जास्त उतरली तर ती वाफ नव्हे. पूर्ण भरल्यावर दर्शनी चौकटीच्या वरच्या कडेला दोरा ताणून मधलं पोट मोजा. दोन-तीन मिलिमीटर चालतात, पाचच्या वर गेलं तर आणखी एक आडवी पट्टी लावा आणि पुन्हा मोजा. तीन दिवस पूर्ण भरलेली ठेवा.

पाझर सापडला तर बाहेरून काही लावून उपयोग नाही; पाणी लाकडाच्या थरांतून फिरून भलतीकडे बाहेर येतं, त्यामुळे ओली दिसणारी जागा आणि भोक यांत फूटभर अंतर असू शकतं. टाकी रिकामी करा, आतून टॉर्चनं शोधा, आणि आधी वाळवा. ओल्या लाकडावर इपॉक्सी धरत नाही. पंखा लावून आठवडा, कधी दोन. शंका असलेल्या जागेवर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा टेपनं चिकटवून रात्रभर ठेवा, सकाळी आतून दव दिसलं तर लाकूड अजून ओलं आहे. वाळल्यावर ती जागा लाकूड दिसेपर्यंत घासा, चारी बाजूंना पाच सेंमी जास्त, मग कापड आणि तीन हात. पाझर काचेपाशी असेल तर जुन्या सिलिकॉनवर नवा चढवू नका, नवा जुन्याला धरत नाही. कड ब्लेडनं पूर्ण खरवडून काढावी लागते, आणि पाणी थराच्या आतूनच येत असेल तर काच काढून पुन्हा बसवणं एवढाच उपाय राहतो.

चाचणीचं पाणी ओतून द्या, पुन्हा भरा, दोन दिवसांनी तेही ओता. मासे त्यानंतर, फिल्टर चालू होऊन पाण्यातलं माशांना घातक असलेलं अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्यावर. याला सहसा चार ते सहा आठवडे लागतात.